जांभळीच्या फांदीवरची अनोळखी आमरी: कळीपासून नावापर्यंत

प्रश्न साधा होता. कोल्हापुरातल्या राजारामपुरीत एका घराच्या परड्यात आंब्याच्या बुंध्याला बांधलेली ही आमरी, म्हणजे ऑर्किड, कोणती? फेब्रुवारीत हा प्रश्न माझ्याकडे आला तेव्हा झाडाला फूल नव्हतं, कळी नव्हती, गेल्या वर्षीचा फुलोराही धड शिल्लक नव्हता. उत्तर मिळालं मे महिन्याच्या अखेरीला. मधल्या काळात झाडाने एकेक गोष्ट उघड केली आणि तिच्यामुळे कोणतं नाव यादीतून गळलं, ते इथे क्रमाने मांडतो. आमरीवरच्या लेखांत बहुतेकदा उमललेल्या फुलाचा फोटो आणि खाली नाव एवढंच असतं. फूल उमलण्याआधीही बरंच काही ठरवता येतं, आणि ते ठरवलेलं असलं की फूल आल्यावर गडबड होत नाही.

ज्यांच्या घरी हे झाड आलं त्यांना अख्खी गल्ली आक्का म्हणते, म्हणून मीही. त्यांचा भाचा गगनबावड्याकडे शेती करतो. मागच्या पावसाळ्यात त्याच्या मालकीच्या रानातली एक जुनी जांभळ वाऱ्याने उन्मळून पडली. जळणासाठी तोड चालली असताना एका फांदीवर हे झाड दिसलं, तेव्हा त्याने फांदीचा हातभर तुकडा तसाच कापून आक्कांना आणून दिला. रान मालकीचं होतं, हे मी आधी विचारून घेतलं. हीच फांदी राधानगरी अभयारण्याच्या हद्दीतली असती तर ती आपोआप पडलेली असली तरी उचलून आणणं कायद्यात बसलं नसतं.

नावाची घाई दोघांना होती. शेजारच्या वहिनींचं म्हणणं, हे बांडगूळ आहे, आंब्याला खाऊन टाकेल, काढा. बांडगुळाचं मूळ झाडाच्या सालीत घुसून आतला रस ओढतं. आमरीची मुळं सालीला नुसती बिलगलेली असतात. पावसाचं आणि दवाचं पाणी, सालीवर साचलेला कचरा यावर त्यांचं भागतं. म्हणूनच तिला अपिवनस्पती म्हणतात. एका मुळाचं टोक नखाने अलगद उचललं तर ते सुटून आलं, खाली साल शाबूत. वहिनींचं समाधान झालं, निदान तसं त्या म्हणाल्या.

दुसरे आक्कांचे दीर, आप्पा. त्यांना संधिवाताचा त्रास आहे आणि झाडपाल्याची माहितीही आहे. त्यांनी झाड बघताक्षणी सांगितलं, "ही रास्ना. मुळं काढून वाळवायची." हा दावा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधसूचीत रास्ना म्हणून प्लूचिया लॅन्सिओलाटा हे सूर्यफुलाच्या कुळातलं झुडूप दिलेलं आहे, दक्षिणेत कोष्टकोलिंजनाचा कंद त्या नावाने वापरतात, आणि काही भागांत व्हँडा टेस्सेलाटा या आमरीची मुळं रास्ना म्हणून खरोखरच विकली जातात. म्हणजे आप्पांचा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या भाषेत असा झाला: हे झाड व्हँडा टेस्सेलाटा आहे का? असलं तरी मुळं काढू नयेत असं माझं मत होतं, कारण या झाडाचा सगळा जीव त्या मुळांवर. पण नसेल, तर वादच मिटतो.

आता बिनफुलाचं झाड काय सांगतं ते बघू. खोड एकच, आखूड आणि जाड, शेंड्याकडून वाढणारं. पानं दोन्ही बाजूंना एकाआड एक, दोन रांगांत. बुडाशी फुगलेला कंद नाही. एवढ्यावरच कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर दिसणाऱ्या आमरींपैकी मोठा गट बाजूला पडला: डेंड्रोबियम, एरिया, बल्बोफायलम, फॉलिडोटा. या सगळ्यांत पाणी साठवणारे कंद किंवा काठीसारखी जाड खोडं दरवर्षी नव्याने येतात. सिंबिडियमची पट्ट्यासारखी लांब पानं नवख्याला फसवतात, पण ती बुडातून झुबक्याने येतात. लुइसियाची पानं गोल, सुतळीसारखी. आपलं झाड पट्टीच्या पानांचं, म्हणून तीही नाही.

उरले ते एकाच खोडाने वाढणारे, चपट्या पानांचे. माझ्या वहीत तेव्हा ही नावं होती: ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, एरिडीस मॅक्युलोसा, एरिडीस क्रिस्पा, एरिडीस रिंजेन्स, अकॅम्पे प्रीमोर्सा, आणि व्हँडाच्या दोन जाती, टेस्सेलाटा नि टेस्टेशिया. व्हँडाच्या या दोन्ही जातींची पानं अरुंद, मधोमध घडी घातल्यासारखी आणि बाहेर वाकलेली, टोकाशी कुरतडल्यागत दातेरी. आक्कांच्या झाडाची पानं रुंद, जाड, चामड्यासारखी होती आणि टोकाला दोन बोथट पाळ्या होत्या. आप्पांची रास्ना इथेच डळमळीत झाली. पण नुसत्या पानावर कोणाचा दावा फेटाळू नये. सावलीत वाढलेलं पान लांब नि मऊ होतं, उन्हातलं आखूड नि जाड. हे झाड तर जांभळीच्या दाट सावलीतून उचलून राजारामपुरीच्या उन्हात आणलेलं. "फूल येईपर्यंत मुळाला हात लावायचा नाही," एवढं आप्पांकडून कबूल करून घेतलं.

आक्कांच्या नातवाने मधल्या काळात फोनमधल्या ॲपला पानांचे फोटो दाखवले. ॲपने दुकानात कुंडीत मिळणाऱ्या फॅलेनॉप्सिसचं नाव सांगितलं. दोष फोटोचा म्हणायचा, कारण ज्या फोटोत फरकाची जागाच दिसत नाही त्यातून तो कोणालाच सापडणार नाही.

एप्रिलच्या शेवटी पहिला वळीव झाला आणि पुढच्या आठवड्यात आक्कांचा फोन आला: "अरे, कोंब आलाय बघ!" आमरीत कोंब म्हणजे फुलोराच असं नाही. नवं मूळही तेव्हाच फुटतं. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत हिरवं किंवा जांभळट असतं, आणि थोडं मागे गेलं की त्यावर स्पंजासारखं पांढरं आवरण चढत जातं. फुलोऱ्याचा कोंब टोकाशी निमुळता असतो आणि त्यावर खवल्यांसारखी लहान आवरणं एकावर एक बसलेली दिसतात. इथे दोन्ही होतं: बुडाशी दोन मुळं आणि वरच्या एका पानाच्या बगलेतून एक फुलोरा. मुळं फुटलीत म्हणजे झाडाने नवी जागा पत्करली, हा वेगळा आनंद.

फुलोऱ्याचा दांडा आधी आडवा बाहेर आला, मग स्वतःच्या वजनाने खाली झुकला आणि मेच्या मध्यापर्यंत पानांपेक्षा लांब झाला. या एका हालचालीने यादी निम्म्यावर आली. व्हँडाच्या त्या दोन्ही जातींचा फुलोरा वर उभा राहतो. अकॅम्पेचा आखूड, मांसल, पानांच्या आतच राहणारा. एरिडीस रिंजेन्सचाही पानांपेक्षा आखूड. आप्पांना बोलावून लोंबणारा दांडा दाखवला. ते म्हणाले, "व्हँडा नाही तर नाही. मग हिची मुळं कशावर चालतात?" आक्कांनी आतूनच उत्तर दिलं, "जांभळीच्या फांदीवर चालतात!" त्यानंतर मुळांचा विषय घरात निघाला नाही.

आता तीन नावं: ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा आणि एरिडीसच्या दोन जाती, मॅक्युलोसा नि क्रिस्पा. घरात मात्र निकाल लागलेला होता. लोंबता फुलोरा म्हणजे सीतेची वेणी, असं भाच्याने गावाहून सांगितलं होतं. आपल्याकडे सीतेची वेणी, द्रौपदीपुष्प ही नावं ऱ्हिंकोस्टायलिसलाही देतात आणि एरिडीसलाही, त्यामुळे भाचा चूक नव्हता, पण त्याच्या उत्तराने आमचं काही भागत नव्हतं. आक्कांच्या मनात फोटोत पाहिलेली वेणी होती: आसामचं राज्यफूल असलेली, बिहू नाचात केसांत माळतात ती. ती ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. लिनीयसने १७५३ सालीच तिची नोंद केली होती, अर्थात वेगळ्या प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट).

तिचा फुलोरा आणि आपला फुलोरा शेजारी ठेवून बघितले तर दोन गोष्टी खटकत होत्या. ऱ्हिंकोस्टायलिसचा दांडा एकसंध असतो आणि त्याच्याभोवती कळ्या इतक्या गच्च बसतात की मधला दांडा दिसत नाही. आक्कांच्या झाडाच्या दांड्यावर कळ्यांमध्ये मोकळी जागा होती. आणि बुडाकडच्या एका पेरावर बारीक गाठ उठली होती, ती चार-पाच दिवसांत वाढून तिची चक्क फांदी झाली, तिच्यावरही कळ्या. फांद्या फुटलेला लोंबता फुलोरा हे एरिडीस मॅक्युलोसाचं नेहमीचं लक्षण. मात्र त्यावरून उलट नियम काढू नये. मॅक्युलोसाचा फुलोरा कधीकधी बिनफांदीचाही येतो, विशेषतः लहान किंवा त्रासलेल्या झाडावर. फांदी दिसली तर तिचा पुरावा धरायचा, नाही दिसली तर गप्प राहायचं.

खरा निकाल कळीतच होता, आणि तो वळवाच्या कृपेने हाती आला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात गारांसकट पाऊस कोसळला. शेंड्याकडच्या काही कळ्या गळाल्या. आक्का हळहळल्या, मी त्या कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेतल्या. झाडावरची चांगली कळी ओळखीसाठी तोडायला माझा हात धजत नाही, पण गळालेली कळी म्हणजे घबाड.

कळीत शोधायचं काय? आमरीच्या फुलात तीन निदलं (कळीचं बाहेरचं आवरण) आणि तीन पाकळ्या असतात. पाकळ्यांपैकी एक बाकीच्यांहून वेगळी, तिला ओठ म्हणतात. ऱ्हिंकोस्टायलिस आणि एरिडीस दोन्हींत या ओठाला पोकळ पिशवीसारखा भाग असतो, त्याला स्पर म्हणतात. फरक स्परच्या दिशेत आहे. ऱ्हिंकोस्टायलिसमध्ये तो बाजूंनी दाबल्यासारखा चपटा आणि मागे, देठाकडे वळलेला. एरिडीसमध्ये तो पुढे, ओठाच्या पात्याखाली वळतो. ओठही वेगळा: ऱ्हिंकोस्टायलिसमध्ये अखंड, एरिडीसमध्ये तीन भागांचा, दोन बाजूंना दोन लहान आणि मध्ये एक मोठा.

इथे एक सावधगिरी. आमरीच्या बहुतेक जातींत कळी वाढताना देठासकट पीळ घेते, म्हणजे फूल उमलेल तेव्हा ओठ खालच्या बाजूला येतो. त्यात फुलोराच लोंबणारा असला तर वर-खाली हा हिशेब आणखी बिघडतो. म्हणून स्परची दिशा जमिनीच्या किंवा दांड्याच्या हिशेबाने सांगू नये, ओठाच्या हिशेबाने सांगावी. लोकांनी मला पाठवलेल्या फोटोंमध्ये समोरून काढलेले फोटो नव्वद टक्के असतात आणि त्यात स्पर दिसतच नाही. फुलाच्या कुशीवरून, अगदी बाजूने काढलेला एक फोटो समोरून काढलेल्या दहा फोटोंपेक्षा जास्त बोलतो.

ब्लेडने कळी उभी कापली आणि हातभिंगाखाली धरली. स्पर पुढे वळलेला. ओठाचे तीन भाग स्पष्ट. मधल्या स्तंभाच्या (पुंकेसर नि स्त्रीकेसर जुळून झालेल्या दांड्याच्या) बुडाशी पुढे आलेला पाय होता आणि ओठ त्याला जोडलेला. हा पाय एरिडीसमध्ये असतो, ऱ्हिंकोस्टायलिसमध्ये जवळपास नसतोच. परागपुंज, म्हणजे परागकणांचे चिकटलेले गोळे, दोन निघाले. ते मी कौतुकाने मोजले, पण दोन्ही प्रजातींत दोनच असतात, त्यामुळे त्या मोजणीचा उपयोग शून्य. फूल अजून एकही उमललं नव्हतं आणि प्रजाती ठरली: एरिडीस.

आक्कांना सांगितलं तेव्हा त्या जरा खट्टू झाल्या. "म्हणजे ती आसामातली वेणी नव्हे?" नव्हे. पण ही आपल्या द्वीपकल्पाची आहे, असं म्हटल्यावर त्यांचा चेहरा फुलला. मॅक्युलोसा आणि क्रिस्पा दोन्ही आपल्या भागातल्याच. दोन्हींची नावं जॉन लिंडली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दिली. या दोघींतला निवाडा मात्र उमललेल्या फुलाशिवाय होणार नव्हता.

पहिली फुलं खोडाजवळच्या टोकाकडून उमलली. आमरीच्या या प्रकारच्या फुलोऱ्यात बुडाकडची फुलं आधी आणि शेंड्याकडची शेवटी. कळ्या आधी हिरवट पांढऱ्या, मग फिक्या गुलाबी झाल्या, आणि उमलायच्या आदल्या दिवशी निदलांच्या आत गडद ठिपके जाणवायला लागले. रंगाबद्दल मी नेहमी साशंक असतो. आक्कांच्या परड्यात वर हिरवं शेडनेट आहे. त्याखाली काढलेल्या फोटोत प्रत्येक फूल आजारी दिसतं. म्हणून ढगाळ सकाळी नेट बाजूला सारून, पांढऱ्या कागदासमोर, शेजारी पट्टी धरून फोटो काढले.

क्रिस्पाचं फूल मोठं, तीन सेंटिमीटरच्या आसपास किंवा वर. निदलं-पाकळ्या पांढऱ्या, गुलाबी छटेच्या, पण त्यांवर ठिपके नसतात. आणि तिची खूण म्हणजे ओठाच्या मधल्या भागाची कड: दातेरी, झालरीसारखी चुणीदार. तिचं खोडही लांब वाढतं, जुन्या झाडात हातभर सहज. आक्कांच्या झाडाचं फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचं. पाचही निदल-पाकळ्यांवर जांभळे ठिपके. ओठाचा मधला भाग सपाट, अंडाकार, गडद गुलाबी-जांभळा, कड किंचित लहरती पण अखंड, दाता नाही. खोड आखूड. फुलोऱ्याला फांदी. सकाळच्या वेळी मंद गोड वास. यातलं एकेक लक्षण सुटं घेतलं तर वाद घालता येईल, विशेषतः आकारात, कारण जागा बदललेल्या झाडाची फुलं लहान पडू शकतात. ठिपके आणि अखंड कड यांच्याबाबत मात्र वादाला जागा नाही. एरिडीस मॅक्युलोसा.

तरी शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या, कागदावर दाबून वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाशी पडताळून घेतलं. विद्यापीठ १९६२ सालचं, आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवर तिथे पिढ्यान्पिढ्या काम झालेलं आहे. आमरीची वाळवलेली शीट बघताना एक अडचण येते: मांसल फूल दाबलं की चपटं होतं, रंग तपकिरी पडतो, ठिपके पुसट होतात आणि स्पर कुठल्या कुठे वळलेला दिसतो. म्हणून शीटपेक्षा तिच्या लेबलवर संग्राहकाने ताज्या फुलाबद्दल लिहिलेल्या दोन ओळी जास्त उपयोगी पडतात. आक्कांच्या झाडाची नोंद करताना तेच केलं. ताज्या फुलाचा रंग, वास, स्परची दिशा, ओठाची कड हे लिहिलं. एक गळालेलं फूल बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवलं, त्यात निदान आकार तरी टिकतो. मूळ ठिकाण म्हणून तालुका नि गाव, आश्रयाचं झाड जांभूळ, आणि मालकीच्या रानात पडलेल्या फांदीवरून आणलं, हेही लिहिलं. ठिकाण नसलेली आमरी अभ्यासाच्या दृष्टीने निम्मी वाया गेलेली असते. नाव नंतर कधीही दुरुस्त करता येतं, ठिकाण भाच्याने विसरलं की गेलं.

राहता राहिलं झाडाचं पुढे काय. गगनबावडा आणि कोल्हापूर शहर एकाच जिल्ह्यात असले तरी पाऊस आणि धुकं यांत जमीन-अस्मानाचा फरक. उन्हाळाभर सकाळी फवारा, दुपारच्या उन्हापासून आडोसा, आणि माती मुळीच नाही. आक्कांनी मायेपोटी बुडाशी शेणखत लावलं होतं, ते धुऊन काढलं. जांभळीचा तो तुकडा दोन-तीन पावसाळ्यांत कुजणार, म्हणून नवी मुळं आंब्याच्या सालीला चिकटेपर्यंत काथ्याची दोरी सोडायची नाही. नायलॉन वापरलं तर ते मुळात रुततं.

एका फुलाला बोंड धरेलसं दिसतंय. आक्कांना वाटतं बी पडून आंबाभर आमरी होतील. आमरीचं बी धुळीइतकं बारीक, आत खाऊची शिदोरी नसलेलं. योग्य बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही, आणि राजारामपुरीतल्या आंब्यावर ती बुरशी असेल याची खात्री कोण देणार. तरी बोंड पिकू द्यायचं ठरलं आहे. सुकायला लागलं की कापडी पिशवी बांधून बी गोळा करायचं आणि भाच्याच्या रानातल्या उरलेल्या जांभळींच्या सालीवर पावसाळ्याच्या तोंडाला शिंपडायचं, असं आक्कांनी त्याला फोनवर बजावलं आहे.